हजार वेळा

मुनिबाने बटण दाबलं, ट्रे बाहेर आला आणि तिने ती तबकडी चौथ्यांदा ओढणीच्या टोकाने पुसली. मधून कडेकडे, सरळ रेषेत, शिकवलं होतं तशी. खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. एकही ओरखडा नव्हता. पुन्हा ठेवली. ट्रे आत गेला, ड्राइव्ह घरघरला, थांबला, परत घरघरला आणि पडद्यावर तीच ओळ उमटली. डिस्क वाचता येत नाही.

"राहू दे आता," तिच्या खुर्चीमागे उभा असलेला परेश म्हणाला. "गेली ती."

"गेली म्हणजे? मागच्या गुरुवारी माझ्या हाताने लिहिलीय हिच्यावर."

"लिहिली असशील. लिहिल्यावर उघडून पाहिलीस?"

मुनिबाने ट्रेचं बटण पुन्हा दाबलं. पाहिली नव्हती. काम संपल्याची खिडकी पडद्यावर यायची, ती डिस्क डबीत घालायची, डबी खणात ठेवायची आणि शारजाची बस पकडायला धावायची. सव्वाचार वर्षं हे असंच चाललं होतं.

हमरिया फ्री झोनमधल्या त्या फॅब्रिकेशन यार्डात दीडशे माणसं होती आणि त्यांच्यासाठी ही एक मेडिकल रूम. रूम कसली, पत्र्याची पोर्टा केबिनच. एक खाट, एक औषधांचं कपाट, आणि कोपऱ्यात टेलिफोन बूथएवढी एक बंद पेटी. ग्राइंडिंग आणि ब्लास्टिंगच्या कर्कश कामावरच्या माणसांना वर्षातून एकदा त्या पेटीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा आणि आवाज आला की हातातलं बटण दाबायला सांगायचं. किती बारीक आवाज ऐकू आला त्याची रेघ कॉम्प्युटर काढायचा. हे काम मुनिबाचं. रत्नागिरीला नर्सिंगचा छोटा कोर्स केलेली, हर्णैची मुलगी. लग्नानंतर इथे आली आणि या केबिनला चिकटली.

सोमवारी तो कॉम्प्युटर जळाला. बुधवारी नवा आला. जुन्या सगळ्या रेघा आता फक्त या तबकडीवर होत्या, आणि तबकडी तोंड उघडत नव्हती.

"कागद असतील ना?" परेशने विचारलं. तो कंपनीचा अ‍ॅडमिन ऑफिसर, डोंबिवलीचा. आवाज कधी चढवायचा नाही.

मुनिबाने फाइल उघडून त्याच्यापुढे सरकवली. प्रत्येक चाचणीची पट्टी त्या चकचकीत, उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावर निघायची. पान उलटलं, कोरं. दुसरं, कोरं. तिसऱ्यावर पिवळट डागात एक आकडा कसाबसा दिसत होता. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी केबिनचा एसी बंद ठेवायचा असा हुकूम होता. जुलैतले शुक्रवार त्या पट्ट्यांनी एकेक करून सोसले होते आणि त्या एकेक करून विझल्या होत्या.

"मी तीन वेळा लिहून दिलं होतं," ती म्हणाली. "आणखी एक डिस्क द्या म्हणून. दोन असल्या तर एका आठवड्याला एक, दुसऱ्या आठवड्याला दुसरी. सात दिरहॅमची वस्तू, परेश सर. नव्वद रुपये! तुम्ही त्यावर काय शेरा मारला होता, आठवतं?"

"नाही."

"'हीच डिस्क हजार वेळा वापरता येते.' तुमच्या अक्षरात आहे. दाखवू?"

"खोक्यावर तसं लिहिलंय, मुनिबा. मी मनाचं नाही लिहिलं." परेशने घड्याळ पाहिलं. "डॉक्टर शनिवारी येणार. केरूचा फॉर्म तयार ठेव. आणि ती डिस्क टाकून दे."

तो गेला. दार उघडलं तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेला केरू उठून उभा राहिला. दार वाजल्यामुळे नव्हे. दाराची सावली त्याच्या पायावर पडली म्हणून.

केरू पाटणकडचा. वय अडतीस. नव्व्याण्णवच्या जूनमध्ये आला तो थेट ग्राइंडरवर. गेल्या महिन्यात यार्डात फोर्कलिफ्ट मागे येत होती, तिचा भोंगा सगळ्यांनी ऐकला, याने नाही. खांद्याला निसटता धक्का बसला, जिवावर बेतलेलं थोडक्यात निभावलं. मग चौकशी झाली, शारजाच्या दवाखान्यात तपासणी झाली आणि केरूचे दोन्ही कान निम्म्याहून जास्त गेल्याचं निघालं. कंपनीने फॉर्म तयार केला: श्रवणदोष नोकरीपूर्वीचा. भरतीच्या वेळी कर्मचाऱ्याने माहिती लपवली. परत पाठवण्यात यावे.

"गावलं का, ताई?" केरूने विचारलं. तो आता मोठ्याने बोलायचा, आपला आवाज आपल्यालाच पोचावा म्हणून.

मुनिबाने नकारार्थी मान हलवली.

तो पुन्हा बाकावर टेकला. हातातली टोपी त्याने गुडघ्यावर ठेवली, उचलली, परत ठेवली.

"बहिरा झालो ते झालो," तो म्हणाला. "घरी सगुणाचा फोन येतो, तर रूममधला एकजण ऐकतो आन् मला वरडून सांगतो. बायकोनं नवऱ्याला काय म्हणायचं ते आठ माणसं ऐकत्यात. तेबी सोसलं. पण मी लपवलं असं लिवनार? मी खोटं बोलून आलो? पहिल्या दिवशी तुम्हीच बसवलं न्हवतं का त्या पेटीत? तवा तुम्ही हसला होता. म्हनला होता, केरूभाऊ, तुम्हाला मुंगीचं चालनंबी ऐकू येतंय."

मुनिबाला ते आठवत होतं. पण आठवण फॉर्मला जोडता येत नव्हती. तिने तबकडी डबीत घातली आणि डबी पर्समध्ये, जेवणाच्या डब्याशेजारी. टाकून दे म्हणाले होते ना? ती टाकणार होती. कुठे, ते तिने ठरवायचं होतं.

*

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून हारुन घरी आला तेव्हा ती बुरखा घालून तयार बसली होती.

"रोलाच्या चौकात चला," ती म्हणाली. "तो झेरॉक्स मशिनवाला आहे ना, धनंजय, तुमच्या ऑफिसात येतो तो? त्याने आज दुकान उघडं ठेवलंय. फोन केलाय मी."

"आज? सुट्टीच्या दिवशी?" हारुनने चप्पल काढता काढता पुन्हा पायात सरकवली. "कंपनीच्या भानगडीत तू कशाला? तो केरू काय आपल्या गावचा आहे?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. गाडी काढा."

धनंजय चिपळूणचा. पहिल्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीत उघडी पडलेली यंत्रं पसरली होती, त्यातून वाट काढत त्यांना जावं लागलं. त्याने तबकडी हातात घेतली, पण डोळे मुनिबावर ठेवले.

"किती वेळा लिहिलीत?"

"दर गुरुवारी. सव्वाचार वर्षं."

"म्हणजे दोनशेच्या वर. प्रत्येक वेळी सगळी पुसून?"

"सगळी पुसून."

"आणि ठेवायचात कुठे?"

"पोर्टा केबिनमध्ये. शुक्रवारी एसी बंद."

धनंजयने जिभेने च्यक केलं. "ताई, हजार वेळा हे खोक्यावरचं. त्यांच्या गार खोलीत, त्यांच्या मशिनवर. यात शाई नसते. एक पातळ थर असतो. लेझर तो तापवून वितळवतो, मग तो गार होतो. कसा गार होतो त्यावर खूण उमटते किंवा पुसली जाते. दर गुरुवारी तोच थर वितळवायचा नि तोच गोठवायचा. वरून इथला उन्हाळा. काही डिस्क पन्नासातच हात टेकतात. ही दोनशे वेळा वितळली म्हणजे सोशीक म्हणायची."

"सोशीक आहे म्हणूनच लोक वितळवत राहतात," मुनिबा म्हणाली. हारुनने तिच्याकडे पाहिलं.

"वाचता येईल का, ते सांगा," ती धनंजयला म्हणाली.

"बघू. यात आतल्या बाजूला अनुक्रमणिका असते. कुठली फाइल कुठे आहे त्याची. ती जागा सगळ्यात जास्त वेळा घासली जाते, म्हणून ती आधी जाते. बऱ्याचदा पानं शाबूत असतात, नुसती अनुक्रमणिका फाटलेली असते." त्याने टेबलाखालून एक जुना, जाडजूड ड्राइव्ह काढला. "नवे ड्राइव्ह घाईचे. पहिल्याच ठेचेला डिस्क बाहेर फेकतात. हा म्हातारा सावकाश वाचतो. पानापानाने जाऊ या. वेळ लागेल, हां."

वेळ लागला. खाली रोलाच्या चौकात सुट्टीचे लोक जमत होते. मल्याळी, पठाण, आपल्याकडचे. शेकडो माणसांच्या बोलण्याचा एक सलग गलका खिडकीतून वर येत होता. हारुन खाली जाऊन तीन बिनदुधाचे सुलेमानी चहा घेऊन आला. ड्राइव्ह अडखळायचा, मागे जायचा, पुन्हा प्रयत्न करायचा. धनंजय त्याच्यावर हात ठेवून बसला होता, ताप पाहावा तसा.

असरची अजान होऊन गेल्यावर पडद्यावर पहिलं नाव आलं. नाव नव्हे, आकडा. कर्मचारी क्रमांक. मग आणखी एक. मग मध्ये बराच वेळ काहीच नाही, आणि मग एकदम नऊ.

"एकशे सतरा," मुनिबा म्हणाली. "केरूचा एकशे सतरा पाहिजे."

तो पाचच्या सुमाराला आला. धनंजयने फाइल उघडली. जून एकोणीसशे नव्व्याण्णव. वरच्या बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ताणलेल्या दोरीसारखी सरळ रेघ. मुंगीचं चालणं ऐकू येणारे कान.

"हे बघा!" मुनिबाचा आवाज खोलीत मावला नाही. "लपवलं म्हणे! माहिती लपवली! हे काय आहे मग? माणसाचे कान खायचे आणि वर त्यालाच चोर म्हणायचं? उद्या टेबलावर आपटते मी हे."

"यांचे पुढच्या वर्षांचेही आहेत," धनंजय म्हणाला. "काढू?"

"काढा."

"आणि बाकीच्यांचे? एकूण साठ माणसांतले एक्केचाळीस जणांचे वाचता आलेत."

"सगळे काढा."

प्रिंटर चालू झाला. प्रत्येक माणसाचं एक पान. त्यावर वर्षाला एक रेघ, एकाखाली एक. मुनिबाने केरूचं पान उचललं. पहिली रेघ सरळ. दुसऱ्या वर्षी उजव्या बाजूला, बारीक आवाजांच्या ठिकाणी, एक लहानशी खाच. तिसऱ्या वर्षी ती खाच बोटभर खोल. चौथ्या वर्षी रेघ तिथून सरळ खाली कोसळलेली. प्रत्येक रेघेपुढे एक शब्द, एक अक्षर. फिट. एम. फिट. एम. फिट. एम. फिट. एम.

तिने दुसऱ्या माणसाचं पान पाहिलं. तिसऱ्याचं. सगळ्यांची रेघ त्याच जागी मोडत होती. मग तिने गठ्ठा उलटा करून मांडीवर ठेवला आणि प्रिंटरमधून येणारी उरलेली पानं न बघता त्याखाली सरकवत राहिली.

"नव्या डिस्कवरही उतरवून देतो," धनंजय म्हणाला. "याच जातीची देऊ, का एकदाच लिहिता येते ती?"

"एकदाच लिहिता येते ती."

परतताना गाडीत तिने गठ्ठा मांडीवर तसाच उलटा धरला होता. इत्तेहाद रोडला गाड्यांची रांग लागली होती. हारुनने एकदा विचारलं, "मिळालं ना पाहिजे ते? मग?" ती म्हणाली, "मिळालं."

*

शनिवारी डॉक्टर मुख्य ऑफिसात बसले होते. आठवड्यातून एकदा येणारे, निवृत्तीला आलेले, सही करायच्या आधी कागद पूर्ण वाचणारे म्हणून परेशला ते फारसे आवडत नसत. मुनिबाने केरूचं पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा वर ढकलला, पहिल्या रेघेवर पेनाचं टोक ठेवलं आणि चारही रेघांवरून ते सावकाश खाली आणलं.

"धिस इज नॉइज," ते म्हणाले. "प्युअरली नॉइज. धिस मॅन केम हिअर विथ परफेक्ट इअर्स." आणि त्यांनी फॉर्मवरच्या 'नोकरीपूर्वीचा' आणि 'लपवली' या दोन्ही शब्दांवर काट मारली.

"वन मिनिट, डॉक्टर," परेश म्हणाला. त्याने पान आपल्याकडे ओढलं. पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मराठीत, हळू आवाजात, जणू हे दोघांतलंच आहे, मुनिबाला म्हणाला, "हे कुठून काढलंस ते मी विचारत नाही. पण हे प्रत्येक वर्षी फिट कुणी लिहिलं?"

एसीची गार हवा तिच्या मानेवर येत होती.

फॉर्मवर दोनच चौकोन होते. फिट आणि अनफिट. अनफिट म्हणजे घरी. समोर बसलेल्या माणसाला तिचं बोलणं ऐकू येत असे, तो हसून उत्तर देत असे, त्याच्या घरचं तिला ठाऊक असे. मग ती फिटवर खूण करायची आणि तो उठताना "मेहेरबानी, ताई" म्हणायचा. तिला ते उपकार केल्यासारखं वाटायचं. रेघ एका वेळी एकच दिसायची. मागच्या वर्षीची तिने कधी काढून शेजारी ठेवली नव्हती. ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं. ठेवू नको असंही कुणी म्हटलं नव्हतं.

"मी," ती म्हणाली.

"मग जरा विचार कर. हा कागद पुढे गेला तर पहिलं नाव कुणाचं येणार?"

"माझं. लिहा ना. त्याखाली तुमचा शेरा लावा, डिस्कचा. त्याखाली कानात घालायचे बोळे दोन महिने आले नाहीत ते लिहा. पण माझं आधी लिहा." तिने केरूचं पान परत आपल्याकडे ओढलं. "पण त्याने लपवलं असं कुठेही राहता कामा नये."

डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा परेशकडे पाहिलं, फॉर्मवर सही केली आणि शिक्का मारला.

परेशने श्वास सोडला. "खलास. याचं झालं. बाकीची पानं आणि डिस्क इथे ठेव. ऑफिसात सेफ राहतील."

मुनिबाने पर्स बंद केली. "मेडिकल रेकॉर्ड मेडिकल रूममध्ये राहतो, सर," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

केरू पायरीवर उभा होता. तिने फॉर्म आणि त्याखाली रेघांचं पान त्याच्या हातात दिलं आणि काट मारलेली जागा बोटाने दाखवली. तो तिच्या ओठांकडे पाहत राहिला.

"लपवलं नाही," ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "तुम्ही आलात तेव्हा कान चांगले होते. आता तसं लिहिलंय. डॉक्टरची सही आहे."

"म्हंजे मी खोटा न्हाई."

"नाही."

"आन् तिकीट?"

"तिकीट बुधवारचंच आहे, केरूभाऊ. ते नाही बदललं."

केरूने मान डोलावली, जणू तेवढं त्याला अपेक्षित होतं. मग त्याने दुसरा कागद पाहिला, रेघांचा. चारही रेघांवरून त्याचा अंगठा फिरला आणि शेवटच्या अक्षरावर थांबला.

"ही सही तुमची."

"हो."

"दर साली."

"हो."

ती थांबली. त्याने ओरडावं असं तिला वाटत होतं. काल दिवसभर ती ज्या रागाने पेटली होती, त्यातला तिच्या वाट्याचा राग त्याने तिच्यावर काढावा. पण केरू कागदाची घडी घालत होता, नीट, कडा जुळवून, खिशात मावेल इतकी.

"आमच्या ग्राइंडिंग बेमधल्या बाकीच्यांचंबी हाये का?" त्याने विचारलं.

तिने पर्सवर हात ठेवला. "आहे."

"मग त्यांना दावा. त्यांचं तिकीट अजून न्हाई निघालं."

*

ग्राइंडिंग बेमध्ये दुपारची जेवणाची सुट्टी चालू होती. यंत्रं बंद होती. पत्र्याच्या छपराखाली एवढी शांतता होती की कुठल्याशा नळाचं टपकणं ऐकू येत होतं. माणसं डबे उघडून बसली होती. मुनिबाने वरचं पान पाहिलं. एकशे तेवीस, अजीज. दाभोळचा, सत्तावीस वर्षांचा. वर्ष झालं त्याच्या लग्नाला. फेब्रुवारीत पेटीतून बाहेर येताना तो म्हणाला होता, ताई, तुमचं मशिन बिघडलंय, नुसतंच गप्प बसतं. ती हसली होती.

तो दहा पावलांवर, तिच्याकडे पाठ करून, पिंपातून बाटलीत पाणी भरत होता.

"अजीज," तिने हाक मारली.

बाटली भरत होती.

"अजीज!"

जेवणाऱ्यांपैकी दोघा-तिघांनी वर पाहिलं. बाकीचे खात राहिले.

तिने गठ्ठा छातीशी धरला. ती चालत गेली, पिंपाला वळसा घातला आणि त्याच्या समोर जाऊन, चेहऱ्यावर उजेड पडेल अशी, उभी राहिली. अजीज दचकला. मग ओळखीचं हसला आणि त्याने झाकण लावलं.

"अरे, ताई! तुम्ही कधी आलात?"